पाडव्याचं ऑइल, दसऱ्याचं ऑइल

दादा, तुमच्या लेकीनं गाडीची पार वाट लावली. वेळेवर ऑइल बदललं नाही म्हणून. दुसऱ्या कुणाच्या लेकीनं असं केलं असतं तर तुम्ही हसून सोडून दिलं असतं, पण नांदेडात उभा जन्म गाड्यांखाली पाठ घासत काढलेल्या मेकॅनिकच्या एकुलत्या एक लेकीनं हे करावं, म्हणजे काय म्हणावं! तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. आज रविवारची दुपार आहे, आतल्या खोलीत तुमचा नातू झोपलाय, तुम्ही न पाहिलेला, सतरा वर्षांचा. आणि मला कुणापुढं तरी कबुली द्यायची आहे. तुमच्या जावयांना सांगायला गेले तर ते म्हणतात, "जाऊ दे ना, गाडीच तर हाय." ते मास्तर माणूस, त्यांना सगळंच जाऊ देता येतं.

गाडी छोटीच आहे. पेट्रोलवरची, पण टर्बोची. तुमच्या काळी टर्बो म्हटलं की ट्रक डोळ्यापुढं यायचा, आता एवढ्याशा इंजिनाला टर्बो लावून मोठ्या गाडीचं काम करून घेतात. दोन वर्षांपूर्वी नवी घेतली तेव्हा मला लई कौतुक. लातूर-नांदेड रस्त्याला पाय नुसता टेकवला की पळते. पोराची दहावी झाली आणि सगळ्यांनी केलं तेच आम्हीही केलं. त्याला लातूरला प्रवेश परीक्षेचा क्लास लावला, मी ऑफिसात अर्ज-विनंत्या करून लातूरला बदली करून घेतली, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि हे नांदेडला, आम्ही मायलेक लातूरला, असे संसाराचे दोन तुकडे करून बसलो. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात अशीच एक आई आहे, कुणी मुखेडची, कुणी नायगावची, कुकरच्या शिट्ट्यांवरून कुणाचं पोरगं किती वाजता सुटतं ते कळतं. गाडी माझ्याकडं. खोली ते क्लास, क्लास ते ऑफिस, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. क्लास सुटायला वेळ असला की मी बाहेर गाडीतच बसायची, उन्हाळ्यात एसी लावून, इंजिन चालू ठेवून, पाऊण-पाऊण तास. इंजिन धड तापायच्या आत पोचायचं, नाहीतर जागेवर उभं राहून तापवायचं. दोन वर्षं हेच.

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, आधी जे होईल ते. मी किलोमीटर तेवढे वाचले. वर्ष झालं तेव्हा मीटर चार हजारांवर होतं. फोनवर मेसेज आले सर्व्हिसिंगचे, मी म्हटलं, ह्यांचा धंदाच आहे, चार हजारांवर कुणी ऑइल काढून फेकतं का? दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा सात हजार. अजून तीन शिल्लक की! हिशोबात आपण पक्क्या, असं माझं मलाच वाटत होतं.

तुम्ही मीटरला कधीच मानलं नाही. गॅरेजच्या दाराला तुमची ती पाटी आठवते, खडूनं लिहिलेली: 'पाडव्याला ऑइल, दसऱ्याला ऑइल.' गिऱ्हाईक कुणी का असेना, लोह्याचा काळी-पिवळीवाला असो नाहीतर कोर्टातला वकील, गुढीपाडव्याच्या आधी एकदा आणि खंडेनवमीला एकदा गाडी तुमच्या दारात उभी राहिलीच पाहिजे. शस्त्रांच्या पूजेच्या दिवशी तुम्ही आधी जुनं ऑइल काढायचात, मगच बॉनेटला हार. "काळ्या पोटाच्या गाडीला झेंडू वाहून काय उपेग?" म्हणायचात. मी तेव्हा शाळेत हुशार म्हणून नावाजलेली. मी म्हणायची, दादा, ऑइल किलोमीटरवर बदलतात, पंचांगावर नाही. तुम्ही हसायचात. "अगं, आपल्याकडच्या जिपांचं मीटर कवा चालू असतंय? वायर तुटली की तुटली. सण तर तुटत न्हाईत न्हवं?" मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही जुनी मोपेड दुरुस्त करून दिलीत आणि हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीत, 'दसरा' एवढंच लिहून. मी ती ऑफिसच्या वाटेवरच काढून टाकली. मैत्रिणी हसल्या असत्या.

पण आज तुम्हाला लिहायला बसले ते त्या पाटीसाठी नाही. भूकंपाच्या वेळचं तुम्हाला आठवत असेल. माझं वय चौदा. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. आपल्याकडं भांडी पडली तेवढीच. दुसऱ्या दिवशी कळलं की किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. तुमच्या गिऱ्हाईकांतले एक डॉक्टर औषधं घेऊन निघाले, त्यांना जीप चालवणारा आणि बिघडली तर नीट करणारा माणूस पाहिजे होता. तुम्ही आईला विचारलंही नाही, डिझेलचे डबे मागं टाकले आणि गेलात. पाचव्या दिवशी सकाळी आलात. दाढी वाढलेली, कपड्यांवर चिखल. आई दारात पाणी घेऊन उभी, म्हणतेय, आधी आंघोळ करा, आधी घासभर खा. तुम्ही तिच्याकडं न बघता जीप गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतलीत, खाली उतरलात आणि नट सोडून ऑइल काढायला लागलात. मी जिपेत डोकावले. त्या डॉक्टरांच्या जिपेचं मीटर चालू होतं, नांदेडातलं एकमेव असेल. जाताना तुम्हीच मला आकडा पाहून ठेवायला लावला होता. मी वजाबाकी केली आणि वर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "दादा, पाचशेसुद्धा चालली नाही! दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत. एवढं चांगलं ऑइल कशाला काढताय? चार दिवस तिथं नुसते बसूनच होतात की काय?"

तुम्ही खड्ड्यातून वर आलात, पाना खाली ठेवलात, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "काटा सरकला न्हाई म्हून इंजिन चाललं न्हाई का गं? स्टार्टर खराब हुता. एकदा बंद केलं तर लागायचं न्हाई, म्हून दोन दिस इंजिन बंद केलं न्हाई म्या. जिवंत कुणी निघालं की लातूरला पळवायचं हुतं. एक निघालं. एकच. बाकी येळ नुसता बसून हुतो, हाव, बसूनच हुतो!" मग आवाज खाली आला. "पाडवा-दसरा रोजच्या चालीसाठी असतंय, बाई. हे रोजचं न्हवतं. उभ्या जागी जे झिजतंय ते मीटरला दिसत न्हाई." आई म्हणाली, लेकराला काय कळतंय, सोडा. तुम्ही आंघोळीला गेलात. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही ताटावर बसून नुसते भाताकडं बघत राहायचात. मी एकदाही विचारलं नाही, दादा, तिथं काय बघितलंत म्हणून. मला राग आला होता, सगळ्यांसमोर ओरडलात त्याचा. चौदा वर्षांच्या पोरीचा राग तो, तुम्ही गेलात तरी पुरता गेला नव्हता.

आता माझं ऐका. तीन महिन्यांपासून पोरगं म्हणतंय, "आई, डोकं चालत नाही." सकाळी सहाला क्लास, मग कॉलेजची हजेरी, मग पुन्हा क्लास, मग अभ्यासिकेतली खुर्ची. मार्क घसरायला लागले. मी त्याला बदाम घातले, तूप घातलं, चष्म्याचा नंबर तपासला. परवा सकाळी तो म्हणाला, "मला नांदेडला घेऊन चल, थोडे दिवस. मी थकलोय." टेस्ट चार दिवसांवर आलेली. तरी मी म्हटलं, चल, पण एकच दिवस. आणि अहमदपूर येईपर्यंत माझं तोंड चालूच. तो खिडकीबाहेर बघतोय, मी बोलतेय. शेवटी म्हणाला, "आई, खरंच थकलोय गं." आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "थकायला काय झालं रे तुला? गवंड्याच्या हाताखाली जातोस का? दिवसभर खुर्चीत नुसता बसून तर असतोस!"

तोंडातून गेलं तेव्हा मला काहीच आठवलं नाही. लोहा गाव चार-पाच किलोमीटर राहिलं आणि गाडीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पाय दाबतेय तर गाडी ओढत नाही. मागं निळा धूर. मग ऑइलचा लाल दिवा लागला, मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. तेवढं तरी तुम्ही शिकवलेलं लक्षात होतं. एका टेम्पोवाल्यानं दोरी लावून लोह्यापर्यंत ओढत नेलं. गॅरेजवाला तिशीतला, शांत. त्यानं खालचा नट सोडला तर ऑइल खालच्या घमेल्यात धारेनं पडेनाच. डांबरासारखं, गोळे गोळे. बोटावर घेऊन त्यानं मला दाखवलं. "मॅडम, ऑइल कवा बदललं हुतं?" मी म्हटलं, "सातच हजार चाललीय." तो म्हणाला, "किती चालली ते न्हाई विचारून राहिलो. कवा?" घेतल्यापासून एकदाही नाही, हे मला सांगावं लागलं. मग त्यानं विचारलं, "गाडी गावातल्या गावात असती का? उभी करून एसी लावता का?" मी म्हटलं, हो.

त्यानं बिचाऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तापून लाल होतो, आणि त्याला वंगण इंजिनातलंच, तेही साडेतीन लिटरच्या आसपास. थोडं थोडं चालवलं की इंजिन तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल मरतं. पुस्तकातले दहा हजार हे रस्त्याला धावणाऱ्या गाडीचे. "तुमच्यासारख्या वापराला पाच हजार, न्हाईतर सहा महिने. आधी जे यील ते. आन् मीटर भरायची वाट बघायचीच न्हाई. पाडवा-दसरा धरा, सोपं हाय." मी म्हटलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणाला, "असंच म्हणतेत आमच्याकडं, जुन्या लोकांचं हाय." तुमचं नाव त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

पोरगं बाकड्यावर बसलं होतं. उठून आलं आणि त्या घमेल्यातल्या काळ्या लगद्याकडं बघत राहिलं, तुम्ही भाताकडं बघायचात तसंच. मग हळूच म्हणालं, "आई, मला दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. दिवाळीपासून. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, कळत काहीच नाही. तू रागावशील म्हणून बोललो नाही." एवढं सांगतानाही त्याची नजर घमेल्यावरच. माझं लेकरू, दादा, माझ्याच शेजारी बसून झिजत होतं आणि मी त्याच्या मार्कांचं मीटर बघत बसले होते.

टर्बो गेला, इंजिनही उघडावं लागणार. ते होईल. गाडी लोह्यातच आहे, आम्ही एसटीनं नांदेडला आलो. क्लासला फोन करून सांगितलं, टेस्टला येणार नाही, पुढचं अजून ठरलेलं नाही. उद्या त्याला डॉक्टरकडं नेते. क्लासचे सर म्हणाले, मॅडम, ऐन वेळी असं करू नका, वर्ष वाया जाईल. मी बरोबर करतेय का, ते मला माहीत नाही. सकाळी नऊला झोपलाय, आता तीन वाजायला आले. दोनदा जाऊन श्वास बघून आले, तान्ह्या लेकराचा बघतात तसा.

हे पत्र कुठं टाकणार? गाडी परत आली की तिच्या पुस्तकात ठेवीन, ऑइलच्या पानावर. आणि एक सांगायचं राहिलं. तिथं गॅरेजात, त्या घमेल्यापाशी, मी पोराला म्हणाले, "चुकलं रे माझं." त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "गाडीचं म्हणतेस ना?" गॅरेजवाला ऐकत होता, दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "हो, गाडीचंच."