कॉलरवरचा डाग

रोहा, रविवार, संध्याकाळ

लेक परत सासरी गेली. समुद्रावर निघताना "बाबा, मान काळी पडेल" म्हणत तिने माझ्या मानेला सनस्क्रीन चोपडलं होतं. त्याचा पिवळा डाग पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर राहिला. आज शहाणपणा करून ब्लीचमध्ये बुडवला, तर कॉलर चक्क तांबडी!

शेजारच्या शेवंतावहिनी कुंपणावरून ओरडल्या, "बोअरिंगच्या पाण्यात ब्लीच घालतात व्हय, भावजी? लोखंड असतंय त्यात. लिंबू-मीठ चोळा नि उन्हात टाका."

चोळलं. दुपारपर्यंत कॉलर पांढरीशुभ्र. डाग गेला म्हणून बरं वाटायला हवं होतं ना? मग पुन्हा पुन्हा कॉलर उलटून काय शोधत होतो?

ऊन उतरलं होतं. तरी तिची विसरलेली ट्यूब काढली, मानेला भरपूर चोपडलं आणि तोच शर्ट घातला.