लेकीची मूठ

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
उचगाव, ६ मे २०२४

चि. कृष्णात यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

गगनबावड्याकडं फोन लागत नाही, लागला तर तू नुसता ओरडतोस, म्हणून लिहिते. कागद कॅलेंडरच्या पाठचा आहे, हसू नकोस.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांना उचलून माझी कंबर धरलीय. यंदा भाताच्या पेरणीला येणं काही जमत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच चुकणार. पेरायच्या कुरीच्या चाड्यात बियाणाची पहिली मूठ लेकीनं सोडायची, ही आज्जानं घालून दिलेली रीत. एका वर्षी माझी एस.टी. वाटेत बंद पडली, तर आबा कुरी उभी करून बांधावर बसून राहिले. आभाळ भरून आलेलं. केरबा लेकीपायी पेरणी घालवणार, म्हणून भावकी हसली. ढगाला घाई हाय, मला न्हाय, असं आबांनी सुनावलं.

तू मात्र थांबू नकोस. मूठ तुझ्या बायकोला, पूर्णिमाला सोडू दे. दोघं जिवाला जपा.

तुझी अक्का,
संयोगिता

१४ मे

ती. अक्कास शि. सा. न.

तुला सांगायचं टाळत होतो. यंदा भात न्हाय, सगळ्या रानात ऊस घालतोय. तण भांगलायला माणूस मिळत न्हाय, राबणारी आम्ही दोघंच. आबांसारखी पाठ मला न्हाय गं.

कणगीतलं बियाणाचं भात गिरणीतनं काढून आणलं. दुधाच्या गाडीबरोबर तांदूळ पाठवलाय. आज्जाचाच जिरगा, वास तोच हाय. देवाला निवद दाखव, मग मला शिव्या घाल. गावात दुसऱ्या कुणाकडं हे बी उरलं न्हाय, हे पूर्णिमानं मागनं सांगितलं. तवर तांदूळ झालता.

राग आला तरी माया कमी करू नको.

कृष्णात

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
उचगाव, २० मे

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

शिव्या घालत नाही. दमलेल्या माणसाला काय बोलायचं? मीही दमलेलीच. नैवेद्य दाखवला. सासूबाई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

पण तू एक विसरलास. मूठ सोडली की आई त्याच बियाणानं माझी ओटी भरायची. तिच्या मागं पूर्णिमा भरते. ओटीतलं भात शिजवायचं नाही. वर्षभर देवापाशी ठेवायचं, पुढच्या पेरणीची पहिली मूठ त्यातलीच. गेल्या वर्षीचं माझ्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे. किडू नये म्हणून वरचेवर कडुलिंबाचा पाला बदलत आले.

ते दुधाच्या गाडीनं पाठवतेय. ऊस लाव, मी आड येत नाही. विहिरीकडच्या कोपऱ्यात एवढं टाक. नाही टाकलंस, तर आज्जाचं भात या घरातून उठलं.

पूर्णिमाला माझी आठवण सांग.

अक्का

२७ मे

ती. अक्कास शि. सा. न.

पुडी पोचली. सऱ्या पाडायला ट्रॅक्टर आलता, त्याला तेवढा कोपरा सोडायला लावला. पावणं, एवढ्यात काय कोंबड्या पाळणार व्हय, म्हणून डायव्हर हसला. पूर्णिमानं कुदळीनं जागा भुसभुशीत केलीया.

मूठ भरून घेतली, पण सोडवंना. हात माझा, मूठ तुझी. परत पुडीत बांधून ठेवली.

सकाळच्या दुधाच्या गाडीनं ही चिठ्ठी घेऊन पूर्णिमा तुझ्याकडं येतीया. ती तुझ्या सासूबाईंपाशी बसंल. तू त्याच गाडीनं इकडं ये.

आभाळ भरून आलंय. भावकी इचारतीया. मी बांधावर बसलोय, सावकाश ये.

तुझा,
कृष्णात