एसीवाल्याले परत पाठवजो

प्रशिक बेटा,

तू बोलावलेला एसीवाला दुपारी येणार आहे. त्याले चहा पाजजो अन् परत पाठवजो. माह्या खोलीतला एसी बिघडला नाही. फिल्टर मी धुतला, स्क्रूही टाईट आहेत. त्याचा पत्रा खिडकीच्या चौकटीले घासून खडखडते, बस एवढंच.

तुही आई आजारी होती तेव्हाही तो असाच खडखडत होता. त्या आवाजात मले रात्री तिचा श्वास ऐकू येत नव्हता. म्हणून तिच्या जुन्या स्लिपरचा तुकडा कापून मी त्या फटीत ठोसला. आवाज एकदम बंद झाला. मंग मी अंधारात कान लावून पडून राहायचो. तिचा श्वास नीट चालला आहे असं वाटलं का मलेही झोप लागायची.

ती गेल्यावर तो तुकडा मीच काढला. खोली शांत असली का माहे कान अजून तिच्या पलंगाकडंच लागून राहतात गा. खडखडाटात निदान डोळा तरी लागते.

काल तू विचारलं, "बाबा, एवढ्या आवाजात झोपता तरी कसे?" तुह्या तोंडावर सांगणं झालं नाही. म्हणून कामठीले आत्याकडं चाललो, संध्याकाळी येतो. वरण गरम करून घेजो.

स्लिपरचा तुकडा खिशात घेऊन चाललो. घरात ठेवला तर एसीवाला पाहून परत लावून द्यायचा.

बाबा