सहा केक, एक तारीख

शुक्र. ३१ मे. अंधेरी.
पोचलो. मुली दहा, त्यांची कोच मी, आणि आमच्या गोलकीपरची, वैष्णवीची, आई शोभाताई. मुलींबरोबर दोन बायका हव्यात असा या सात-सात जणींच्या फुटबॉल स्पर्धेचा नियम आहे. रिक्षातून उतरल्यावर मुली तीनदा मोजल्या. दहाच.

मानखुर्दहून सकाळी सातच्या मॅचला पोचणं शक्य नव्हतं, म्हणून आयोजकांनी इथेच उतरवलंय. लोक इथे महिना-महिना राहतात म्हणे. खोलीतच स्वयंपाकघर, ताटवाट्या, इस्त्री. मीही हॉटेलात पहिल्यांदाच राहतेय. मुलींना सांगितलेलं नाही. दाराचं कार्ड उलटं लावत होते, नीलमने सुलटं करून दिलं.

काउंटरवर परब नावाचे मालवणी गृहस्थ. आधार कार्डं कॉम्प्युटरवर चढवता चढवता थांबले. "बाई, ह्या कसा काय? सहा जणांचो वाढदिस उद्याच?"
मी, वै. आणि अजून चौघी. सगळ्या १ जून. म्हटलं, "योगायोग."
खोटं बोलले. योगायोग कसला. घरी बाळंतपण, जन्माचा कागद नाही, मग शाळेत नाव घालताना मास्तर १ जून टाकून देतात. माझ्याही मास्तरांनी टाकली. आमच्या घरात शाळेचं दार बघणारी मी पहिली, हरकत घेणार कोण?

शो.ताईंचं घरचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं इथल्या इंडक्शनच्या शेगडीवर तापेचना. "बाई, मेलीय ही चूल." परबांनी स्टीलचं दिलं. खिचडी झकास झाली.

शनि. १ जून. सकाळ
सेमी जिंकलो!!! २-०. वै.ने पाच तरी गोल वाचवले. एकदा तर पडल्या पडल्या पायाने. उद्या फायनल, कांदिवलीच्या शाळेशी. आमची महापालिकेची शाळा आणि फायनल. माझा घसा गेलाय.

दुपार
दार वाजलं. परब, हातात ट्रे, ट्रेत सहा छोटे केक. इथे राहणाऱ्याचा वाढदिवस असला की हॉटेलकडून केक येतो. मुलींनी नुसता गोंधळ घातला.
शो.ताई हसून हसून लाल. "हिचा कसला आज? गणपती बुडवले त्या दिवशी झाली ही, गावाला. शाळेत बाईंनी विचारलं कधीची, मला सांगता येईना. त्यांनी त्याच्या पुढच्या सालातला जून लिवला."
सगळ्या हसल्या. मीही हसले. मग हिशोब केला.
चौदाखालच्या नियमात जन्मसाल बघतात. कागदावरच्या सालाने वै. बसते. शो.ताई म्हणतात ते खरं असेल तर ती पाऊण वर्षाने मोठी, साल आधीचं. मग नाही बसत. म्हणजे सकाळची सेमीपण
केक तसाच ठेवला.

संध्याकाळ, साडेसहा
शो.ताईंना म्हटलं, मी स्पर्धेच्या मॅडमना सांगणार आहे. त्या भडकल्या. "कागदावर आहे ना? मग? माझ्या तोंडातून निघालं हीच चूक झाली माझी." बरोबर आहे त्यांचं. आणि मी बाकीच्या नऊ जणींचं काय करतेय?
वै. म्हणाली, "बाई, सांगून टाका ना. तुम्ही नाहीतर उद्या ग्राउंडवर पण असं तोंड करून उभ्या राहाल."
फोन केला. सगळं सांगितलं. फोन दोन्ही हातांनी धरला होता. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग, "माझ्यापुढे कागद आहे, मी कागदावरच जाणार. पण सकाळी समोरच्या कोचला तुम्ही स्वतः सांगा. त्यांनी हरकत घेतली तर मला बघावं लागेल."
मुलींना हेच सांगितलं. नीलमने माझा केक खाल्ला.

रवि. २ जून
साडेसहाला ग्राउंडवर. कांदिवलीचे सर, पन्नाशीचे, गळ्यात शिट्टी. मी पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलून टाकलं. त्यांनी विचारलं,
"तुमची तारीख काय हो?"
"१ जून."
"माझीपण." आणि असे हसले की शिट्टी हलायला लागली. "माझ्याकडे चार पोरी आहेत १ जूनच्या. आमच्या गोलकीपरची आई म्हणते, ही पाडव्याला झाली. कुठल्या पाडव्याला, ते काय आठवत नाय. कुणाला बसवू आणि कुणाला खेळवू? खेळवा तुमची पोरगी."
मॅडमच्या समोर दोघांनी लिहून दिलं, की आम्हाला माहीत आहे आणि हरकत नाही.

१-०!!!!
गोल नीलमच्या नडगीला लागून गेला. कसा, ते तिला अजून कळलेलं नाही. शेवटची दहा मिनिटं बॉल सारखा आमच्याच बाजूला, आणि वै.च्या हातातून एकही सुटला नाही. शिट्टी झाली तशा शो.ताई ग्राउंडवर धावल्या, चप्पल तिथेच. आधी मला मिठी मारली, मग लेकीला. "बाई, कालचं मनावर घेऊ नका."
सर हात मिळवायला आले. "पुढच्या वर्षी मात्र कागदानेपण बाद ती, आणि खऱ्यानेपण. तेव्हा बघतो तुम्हाला."

निघताना परबांनी ट्रॉफी काउंटरवर ठेवून फोटो काढला. मी म्हटलं, "परवा योगायोग म्हणाले ना, ते खरं नव्हतं." ते म्हणाले, "ठाऊक आसा. माझ्या बापाशीचीपण १ जूनच."

गुरु. १३ जून. मानखुर्द.
पहिलीची नावं घालण्याचं काम माझ्याकडे आलंय. ट्रॉफी ऑफिसात, कपाटावर.
आज एक बाई मुलीला घेऊन आल्या. जन्माचा कागद नाही. "टाका ना बाई तुम्हीच कायतरी."
पेन हातात. म्हटलं, तेव्हा गावाला काय चाललं होतं? थंडी होती का? कुठला सण? त्या विचारात पडल्या. "सासूला इचारते." म्हटलं विचारा, उद्या या.
रकाना मोकळा ठेवलाय. हेडबाई दोनदा डोकावून गेल्या. "नोंदी आजच पूर्ण करायच्या असतात हं."
शाळा सुटल्यावर आईला फोन लावला. "आई, मी खरी कधीची गं?"
"तू?" आई म्हणाली. "ज्वारी काढली होती... का काढायची होती... थांब, तुझ्या आत्याला विचारून सांगते."
अजून फोन आलेला नाही.