साडेसहा लिटर तेल

२ मार्च
धूर! निळा, दाट, घाणेरडा धूर! बाबांच्या गाडीतून असा कधीच आला नव्हता. टेमुका गावाच्या रस्त्यावर मागच्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवून बेजार केलं. घरी येऊन बघते तर खाली तेल ठिबकतंय. डिपस्टिक काढली – तेल खुणेच्या कितीतरी वर.

सकाळी तेल बदलून साडेसहा लिटर घातलं होतं, नेहमीसारखं.

नेव्हिल म्हणे, "पुस्तकात पाच लिहिलंय, रेविन. नवऱ्याचं नको, निदान छापलेलं तरी ऐक!"

पुस्तक काय मला ठाऊक नाही? ते कारखान्यातून निघाली तशा गाडीचं आहे. डोंगरातल्या मेंढ्यांकडे जाताना चढावर तेल मागे सरकायचं आणि इंजिन कोरडं पडायचं, म्हणून बाबांनी तेलाचं चेंबर कापून, खाली तीन बोटं पत्रा जोडून खोल केलं. तेव्हापासून साडेसहा. बाबा गेल्यावर ते इंजिन मी स्वतः खोललं, स्वतः बांधलं. मला नाही माहीत तर कुणाला?

३ मार्च
रॉइस आला. जुन्या गाड्यांच्या क्लबात याच्याइतका जुना दोस्त नाही आमचा. हिवाळ्यात मी नेल्सनला मुलीकडे होते तेव्हा गाडीचा क्लच त्यानेच बदलला. त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं, आणि ते उचलायची चेनपुली त्याच्याच शेडमध्ये आहे.

त्याने बॉनेटमध्ये डोकावल्यासारखं केलं. "पाचच गं. साडेसहा कुठून काढलंस? वयं झाली आपली, रेविन. मी परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला!" दोघंही हसले. नेव्हिल जरा जास्तच. माझे चीज घातलेले स्कोन मात्र चार चेपले रॉइसने.

४ मार्च
आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी आकडे, मग नावं.
भीती वाटते.

६ मार्च
दोघं आज दिवसभर सरावाला गेलेत. क्लबाची रॅली १२ तारखेला सुटते – पंधरा दिवस, पार उत्तर बेटाच्या टोकापर्यंत. गाडी रॉइसची, माझ्याच मॉडेलची; नकाशा नेव्हिलकडे. माझे गुडघे असले, तेव्हा माझा प्रश्नच नव्हता.

म्हटलं, आता आपण बघूच. काल सगळं तेल काढून रात्रभर निथळत ठेवलं होतं. आज गाडी सपाट जागी उभी करून अर्धा-अर्धा लिटर ओतत गेले. दर वेळी थांबायचं, तेल खाली उतरू द्यायचं, डिपस्टिक पुसून बघायचं. पाच लिटरला बरोब्बर खुणेवर!

चेंबर खोल असतं तर पाच लिटर खुणेपर्यंत पोचलंच नसतं.

गुडघे गेले खड्ड्यात, शिरले गाडीखाली. बाबांचा जोड नाही. गुळगुळीत चेंबर! म्हटलं चेंबरच बदललं असेल. पण स्टार्टरखाली मी बसवलेला जाडा बोल्टही नाही. आख्खं इंजिनच माझं नाही!

आधी हसू फुटलं – म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे! मग तिथेच, पाठीखाली काँक्रीट, ढसाढसा रडले.

७ मार्च
नेव्हिलला सांगितलं. "काहीतरीच! रॉइस कशाला असं करेल?" एकच कप दोनदा विसळला. "रॅली होऊन जाऊ दे, मग शांतपणे बोलू." त्याला भांडणं सोसत नाहीत, पहिल्यापासूनच. बरं, म्हटलं.

बरं कसलं! माझ्या टेबलावर बसून, माझे स्कोन खात, माझ्या तोंडावर मला म्हातारचळ लागलाय म्हणाला तो माणूस. मी गप्प बसणार नाही.

१२ मार्च
रॅलीचा निरोप. मैदानावर सगळा क्लब, सॉसेजचा धूर, झेंडे. रॉइसची गाडी गेल्या वर्षी पहिल्याच घाटात बसली होती, ओढून आणावी लागली. आज कशी छान घुमत होती! "काय जादू केलीस रे बाबा?" लोक विचारत होते.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

चांगल्या स्कर्टसकट गवतावर आडवी झाले. बाबांचा तो वाकडातिकडा जोड समोर! उठले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "रॉइस, हे इंजिन माझं आहे."

तो लालबुंद. "परत आलो की बदलून देणार होतो गं. शपथ! माझं दमलं होतं, आणि तू कुठे लांब जातेस..."

"रेविन, लोक बघतायत," नेव्हिल.

बघू देत. इंजिन बंद करायला लावलं, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर – त्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही – काढून पर्समध्ये टाकला आणि घरी आले. रॅली त्यांना सोडून निघून गेली.

१३ मार्च
नेव्हिल सकाळी चहा घेऊन आला. पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "रॉइसला बोलू नकोस. तो नकोच म्हणत होता. मला एकदा तरी ती रॅली पुरी करायची होती. मीच त्याला म्हटलं – घे काढून, तिला काय कळणार आहे! आणि कळलंच, तर तिला म्हणू, तूच विसरलीस."