आईच्या जुईची जागा

पिंपळगाव बसवंत,
ता. १४ ऑक्टोबर १९६६

तीर्थरूप बाबांस, महादू लांबूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा हाय. जेवण पोटभर मिळतं, खोकलाही कमी झालाय. तुमी गुडघ्याला तेल लावता ना? शकू शाळा चुकवत नाय ना?

सध्या द्राक्षाच्या बागेत छाटणी चालली हाय. काडीवर मोजके डोळे ठेवून बाकीचं कापायचं, मग नव्या फुटीला घड येतात. काल मी मुकादमांना सांगितलं, की गेल्या वर्षी इथल्या काड्या नेऊन आमच्या दातिवऱ्याच्या अंगणात लावल्या. ते म्हणाले, "समुद्राकाठी हवा दमट. पानं येतील, पण घड धरणार नाहीत, धरले तर बुरशी खाईल. द्राक्षाला कोरडी हवा लागते."

बाबा, हे मी आधी विचारायला हवं होतं. मांडव मोकळा हवा म्हणून मी आईची जुई मुळासकट उपटली. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुमी एवढंच म्हणालात, "तिनं लग्नाच्या वर्षी लावलेली हाय रे." मी म्हणालो, द्राक्षं खाल तेव्हा जुई विसराल.

तुमी त्या द्राक्षाच्या वेलीला रोज दोन हंडे पाणी घालता, असं शकूनं लिहिलंय. आता घालू नका.

हंसामावशीनं आईकडून जुईची फांदी नेली होती. ती जगली का, विचाराल? जगली असेल तर लगेच कळवा. नसेल तर पत्रात लिहू नका, मी आल्यावर सांगा.

तुमचा चुकलेला,
महादू