कावळ्याची मंजुरी

प्रिय सुहासदादा,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. तुझ्या दहाव्याला खाडीकाठी कावळा पिंडाला शिवेना.
२. मामा म्हणाला, "सुनेला सांभालू, नातीला शिकवू. ये रं बाला, लोकांना उन्हान नको ठेवू." कावळा आला नाही.
३. आपल्या ऑफिसचे साहेब पुढे झाले. "सुहास, तुझं काम तुझ्याच नावाने बसवू. एक ओळ बदलणार नाही."
४. कावळा शिवला. मामी रडत म्हणाली, "कामात जीव होता त्याचा, दुसरं काय न्हाय."
५. काल साहेबांनी मामाच्या घरी येऊन त्या कामावर माझी सही मागितली. तू गेल्यावर तुझ्या कामाची तपासणी माझ्याकडे आलीय.

सही केलेली नाही. म्हणून लिहितेय.

बंदराच्या रस्त्यावरच्या यार्डांची फाटकं कार्डाने उघडतात. उद्याच्या क्वांटम संगणकालाही फुटणार नाही असं कुलूप त्यांना द्यायचं, पण आतली जुनी चिप तीच ठेवून! त्या कुलपात लांबलचक बहुपदींचे गुणाकार. चिप अडखळायची, ट्रेलरवाले हॉर्न वाजवत बसायचे. तू तेच गुणाकार झपाट्याने करून दाखवलेस. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

वेग कुठून आला, ते आता पाहिलं. गुणाकार करताना आकडा मर्यादेबाहेर गेला, की वजाबाकी करून तो आत आणायचा. तुझ्या प्रोग्रॅमच्या एका ओळीत लिहिलंय, गरज असेल तरच वजाबाकी कर. म्हणजे आतल्या गुप्त आकड्यांप्रमाणे लागणारा वेळ बदलणार. बाहेर बसून नुसता वेळ मोजणारा माणूस हळूहळू चावी ओळखेल. मी मोजून पाहिलं. ओळखता येते.

हे तुला दिसलं नाही? तूच म्हणायचास ना, "प्रणू, फुकटचा वेग दिसला की आधी संशय घे"? घेतला. पहिला तुझ्यावरच.

मग वाटलं, ओळ तुझी नसेलच. ती घातल्याची नोंद तुझ्या नावाची आहे, पण तुझा पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला! जगासाठी कुलुपं करणारा माणूस, आणि चहा आणणारासुद्धा तुझ्या नावाने आत शिरू शकत होता. किती वेळा बोलले मी? तू हसायचास. आता कोणाला विचारू? साहेबांना घाई होती, पण घाई म्हणजे पुरावा नव्हे.

काल मी त्यांना ती ओळ दाखवली. ते मामीकडे बघत हसले. "कावळ्याने मंजुरी दिली, आता तू अडवतेस?"

मामी म्हणाली, "त्याची शेवटची वस्तू हाय ती, पोरी. हात नको लावू."

तिला काय सांगू? त्या दिवशी मी मागे उभी होते. साहेब बोलत असताना त्यांच्या ड्रायव्हरच्या हातातला भजीपाव पिंडाशेजारी पडला. कावळा आधी तिकडेच गेला. पिंडाला पंख लागला तो परत उडताना. हे मी मामीला सांगणार नाही. त्या दिवसापासून ती निदान दोन घास जेवते.

पण सहीही करणार नाही, दादा. फाटकाआड लोकांचा माल असतो, आणि कुलपावर तुझं नाव असणार आहे.

ती ओळ मी काढतेय. वजाबाकी सगळ्या आकड्यांची होईल, गरज असो वा नसो. तू शिकवलंस तशी, दर पावलाला न करता उशिरा, पण सगळ्यांची सारखी. फाटक किंचित सावकाश उघडेल. उघडू दे. सही मी त्याच्यावर करीन. तुझं नाव राहील, हा शब्द.

शुक्रवारी सकाळी मामी गच्चीवर कावळ्यासाठी तुझं पान ठेवणार आहे. मी शेजारी उभी राहून हे सगळं मोठ्याने सांगेन. जवळपास भजीपाव नसेल, ते मी आधी बघून घेईन.

ती ओळ तुझी होती का? शुक्रवारपर्यंत उत्तर दे.

तुझी,
प्रणिता